शनवार लागला की

पेणमध्ये कुणी परदेशी निघालं की घरच्यांना दोन कामं लागत. देवाला नारळ फोडायचा आणि कमळाकर मास्तरांकडून माहितीपत्रक आणायचं. घाईगडबडीत नारळ एखाद्या वेळी राहून जाई, पत्रक मात्र राहत नसे.

मास्तर स्वतः पुण्यापलीकडे कधी गेले नव्हते. तीस वर्षं त्यांनी हायस्कुलात भूगोल शिकवला. निवृत्तीनंतर रिकामा वेळ खायला उठला, तेव्हा त्यांनी युरोपातल्या एकेका राजधानीच्या पर्यटन कार्यालयाला पत्रं टाकायला सुरुवात केली. शहराचा नकाशा आणि प्रवाशांसाठीची माहिती कृपया पाठवावी, एवढीच विनंती. ती मंडळीही भली. त्यांना वाटत असावं, पेणचे हे गृहस्थ येत्या उन्हाळ्यात सहकुटुंब येतातच. गुळगुळीत कागदांचे जाडजूड लिफाफे येत आणि मास्तर ते मांडी घालून पोथीसारखे वाचत. लंडनला सरकत्या जिन्यावर कुठल्या बाजूला उभं राहायचं, रोमच्या चर्चमध्ये उघड्या खांद्यांनी का आत सोडत नाहीत, सगळं त्यांना तोंडपाठ. "ह्यांना परदेशातली गल्ली न् गल्ली ठाऊक," त्यांची बायको गिरजाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आणि आपलं रॉकेलचं दुकान कुठल्या आळीत गेलं ते विचारा बघू."

मास्तर माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. पत्रक ते फुकट देत, कार्बन घालून स्वतःच्या वळणदार अक्षरात तीन प्रती काढत, आणि निघणाऱ्या माणसाला समोर बसवून एकेक कलम समजावून सांगत. खोड एकच होती. आपण चुकलो, हे शब्द त्यांच्या जिभेवर येत नसत. वर्गात एखाद्या पोराने चूक दाखवली, की मास्तर आधी पुस्तक चुकलं म्हणत, मग छापखाना चुकला म्हणत, आणि तेवढ्याने भागलं नाही तर त्या पोराला बाकावर उभं करत.

पंच्याण्णव साली दसऱ्याच्या आधी काळुराम त्यांच्याकडे आला. काळुराम गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करायचा. पेणमध्ये मूर्ती घडवणारे पुष्कळ, पण डोळे आखणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातही काळुरामने आखलेला गणपती गिऱ्हाईक लांबूनच ओळखी. व्हिएन्नाच्या कुठल्याशा संग्रहालयात दहा दिवस मूर्तिकलेचं प्रदर्शन होतं. मुंबईच्या दोन कारागिरांबरोबर काळुरामलाही बोलावणं आलं होतं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, दोन इयत्ता शिकलेला, पण विमानाची त्याला काही भीती वाटत नव्हती. त्याच्या मनात वेगळंच होतं.

"मास्तर, तितं शीरा हाय," तो म्हणाला.

शीरा कोण ते पेणमध्ये फार थोड्यांना माहीत होतं. काळुराम मूळचा रोह्याजवळच्या वरश्याचा. त्याची आई बायजाबाई हासाजीच्या तेलघाण्यावर कामाला होती. हासाजी इस्राएली, म्हणजे कोकणातला ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवणारा, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. हासाजीची लेक शीरा आणि बायजाबाईचा काळू एकाच महिन्यात जन्मले. शीराच्या आईला दूध आलं नाही, तेव्हा बायजाबाईने दोघांना पाजलं. एकाच अंगणात ती वाढली, एकमेकांचे केस ओढत, एकमेकांच्या वाटचा मार खात. मग अडुसष्ट साली हासाजीने घाणा विकला आणि सगळं कुटुंब इस्रायलला जायला निघालं. काळू वीस वर्षांचा होता. आपल्याला सोडून ही जातेच कशी, म्हणून त्याने असा काही राग धरला, की निघायच्या दिवशी तो कुंडलिकेच्या काठावर जाऊन बसला आणि रोह्याच्या एस.टी. स्टँडवर गेलाच नाही. शीराने त्याची वाट पाहत एक एस.टी. सोडली. बापाने पुढचीत तिला दंडाला धरून चढवली. हे काळुरामला संध्याकाळी सायमनकडून कळलं. सायमन शीराचा चुलतभाऊ, तो गेला नव्हता आणि अजूनही रोह्यातच होता. ती सोडलेली एस.टी. काळुरामच्या मनातून सत्तावीस वर्षांत गेली नव्हती.

आता सायमननेच निरोप दिला होता, की शीराच्या नवऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन व्हिएन्नात झालंय आणि दोघं दोन महिने तिथेच आहेत. काळुरामच्या वतीने मास्तरांनी पत्र लिहिलं, आणि उत्तर मास्तरांच्याच पत्त्यावर आलं. मराठी अक्षर मोठं, सावकाश काढलेलं, बोली थेट वरश्याची.

"काळू, तू येनार वाचून रडू आला," मास्तरांनी वाचून दाखवलं. "ह्यांचा डोळा बरा होतोय. घर परक्याचा हाय, फोन नाय. तुझा काम संपला की ये. एकवीस तारखेचा शनवार लागला की दिवेलागणीला ये, जेवायलाच ये. मग आमी निघनार. पेणचे पोहे आन, नवसाच्या मलिद्याला. आनि काळू, ह्या टायमाला मला एस.टी. सोडाया लावू नको."

काळुरामने डोळे पुसले आणि बोटांवर हिशेब केला. "म्हंजे शुक्रवारी."

"शुक्रवारी कसं? एकवीस तारखेचा शनिवार लिहिलंय स्पष्ट."

"व्हय, पन शनवार लागतो शुक्रवारी. त्यांच्याकडं तसा हाय. शीराची आय शुक्रवारची सांज झाली की दिवं लावायची न् म्हनायची, शनवार लागला. मंग काम बंद. आपली अवस नाय का आदल्या दिवशी लागत, तसा."

मास्तरांनी इथे थांबायला हवं होतं. दोन इयत्ता शिकलेला माणूस आपल्या दुधाच्या बहिणीच्या घरची रीत सांगत होता, ती ऐकून घ्यायला काय जात होतं? पण समोर व्हिएन्नाचा गुळगुळीत नकाशा पसरलेला, आणि नकाशा समोर असला की मास्तरांना माणूस दिसत नसे.

"अरे, ते वरश्यात," ते हसून म्हणाले. "तू राजधानीच्या शहरात चाललायस. तिथे वार मध्यरात्री बदलतो. एकवीस तारीख म्हणजे शनिवार, शनिवार म्हणजे सॅटरडे. हे बघ, इथे छापलंय. शनिवारी दुपारी दुकानं बंद होतात, रविवारी सगळी सुट्टी. म्हणजे लोक एकमेकांकडे जेवायला शनिवारी संध्याकाळीच जाणार. सत्तावीस वर्षं बाहेर राहिलेली बाई अजून घाण्यावरचं बोलते होय?"

"सायमनला इचारू का? सकाळच्या गाडीनं रोह्याला जाऊन येतो."

"एवढ्याशा गोष्टीसाठी रोह्याला? माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

काळुराम गडबडला. "तसा नाय, मास्तर," तो म्हणाला, आणि विषय संपला.

मग मास्तरांनी पत्रक लिहायला घेतलं. इतकं चांगलं पत्रक त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं. ट्रामचं तिकीट नुसतं घेऊन चालत नाही, डब्यातल्या यंत्रात घालून त्यावर स्वतः शिक्का उठवावा. नळाचं पाणी डोंगरातून येतं, ते बेलाशक प्यावं. कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास आपोआप येतो, मागू नये. रस्त्यावर माणसाचं लाल चित्र पेटलेलं असेल तर गाडी नसली तरी ओलांडू नये, म्हाताऱ्या बायका रागावतात. भेटेल त्याला 'ग्रूस गॉट' म्हणावं. पत्त्यातल्या चार आकड्यांपैकी मधले दोन म्हणजे विभाग, शीराबाईंचा १०२०, म्हणून दुसरा विभाग, कालव्याच्या पलीकडे. तिथे तळमजल्याच्या वर कधी कधी एक मजला असतो तो मोजतच नाहीत, त्यामुळे दुसरा मजला म्हटलं तरी जिने जास्त चढायची तयारी ठेवावी. आणि चौदावं कलम असं: शनिवार ता. २१, संध्याकाळी सात वाजता शीराबाईंकडे भोजन. हॉटेलातून सव्वासहाला निघणे. पोहे विसरू नयेत.

काळुराम परत आला तेव्हा पेणमध्ये आकाशकंदील लागले होते. मास्तरांसाठी त्याने चॉकलेटचा डबा आणला होता. ओटीवर बसून त्याने सगळं सांगितलं. ट्राममध्ये तपासनीस आला तेव्हा मुंबईच्या एका कारागिराचं तिकीट बिनशिक्क्याचं निघालं आणि त्याची फजिती झाली, काळुरामचं मात्र बरोबर होतं. पाणी गोड होतं. कॉफीबरोबर पाण्याचा ग्लास आला. लाल माणूस असताना एकाने पाय टाकला तर एक म्हातारी खरंच खेकसली. "तुमचा कागद नसता तर मी त्या गावात मेलो असतो, मास्तर," तो म्हणाला. मास्तरांची छाती फुगली. गिरजाबाई चहा घेऊन आली, तिलाही ऐकू गेलं, हे फार बरं झालं.

"आणि शीराबाई? भेटल्या ना?"

"नाय," काळुराम म्हणाला. "चार जिने चढून गेलो. सातला पाच कमी व्हते. घंटी वाजवली, पन दाराला कुलूप. बाजूची म्हातारी आली, तिनं हातानं इमान दाखवलान. गेली म्हनं."

"गेली? जेवायला बोलावून?"

काळुरामने चहाचा कप खाली ठेवला.

"शुक्रवारी कुठे होतास तू?" मास्तरांनी विचारलं. का विचारलं ते त्यांनाही कळलं नाही.

"शुक्रवारी चारला सुटलो. मंग हाटेलात खोलीत बसून व्हतो. पाव खाल्ला."

त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. तरी मास्तरांनी चॉकलेटचा डबा उगाच उघडून बंद केला. "विमान अलीकडे ओढलं असेल त्यांनी," ते घाईने म्हणाले. "असं होतं परदेशात."

"असंल," काळुराम म्हणाला. त्याने कापडी पिशवी खांद्याला लावली. पेणहून नेलेले पोहे तिच्यात तसेच होते.

शीराचं पत्र आलं ते मार्गशीर्षात, मास्तरांच्याच नावे. ओटीवर उभ्याउभ्या त्यांनी ते वाचलं, मग खाली बसून वाचलं, मग पुन्हा एकदा वाचलं.

"मास्तर, नमस्कार. शनवार लागला तवा दिवं लावलं. नारळाचा दूध इथं डब्यात मिळतो, त्यात मासळी केली, बायजाआय करायची तशी. काळूसाठी खुर्ची मांडली. ह्यांना धड दिसत नाय, तरी ते सारखे इचारीत, आला काय. मी खिडकीत उभी व्हते. ट्राम थांबायची, मानसं उतरायची, त्यात काळू नसायचा. दिवं इझलं तवा जेवलो. दुसऱ्या सांजंला शनवार सुटला न् आमी लगेच निघालो, इमान व्हता. मास्तर, तुमी त्याला इचारा, त्याचा राग अजून गेला नाय का? तवा पन आला नाय, आता पन आला नाय. राग असंल तर तसा लिवा, मी कायच म्हननार नाय. पन लिवा."

"काय लिहिलंय हो?" आतून गिरजाबाईने विचारलं.

"खुशाली," मास्तर म्हणाले.

वाईट वाटलं नाही असं नाही. फार वाईट वाटलं. चार वाजता सुटून खोलीत पाव खात बसलेला काळुराम त्यांना दिसला, आणि त्याच वेळी ट्रामने अर्ध्या तासावर खिडकीत उभी असलेली ती बाई दिसली. मधे फक्त त्यांचं चौदावं कलम होतं. पण ह्या वाईट वाटण्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, आणि तो मास्तरांच्या स्वभावातला होता. काळुरामला हे कळलं, तर तो कारखान्यात बोलेल. कारखान्यातलं आळीत येईल, आळीतलं बाजारात. मास्तरांच्या कागदामुळे चुकामूक झाली म्हणतील. आणि पुढच्या वेळी परदेशी निघालेला माणूस पत्रक नेईल, आणि वर सायमनसारख्या कुणालातरी विचारूनही घेईल.

काळुराम आला तेव्हा मास्तरांनी चष्मा दोनदा पुसला. "नवऱ्याचा डोळा बरा आहे," ते वाचू लागले, म्हणजे वाचल्यासारखं करू लागले. "भेट झाली नाही, फार वाईट वाटलं. मासळी केली होती. शन..." तिथे ते अडले. खोकला आला, पाणी प्यायले. "बायजाबाईची आठवण काढलीय. एवढंच."

काळुराम त्यांच्याकडे बघत नव्हता. स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत होता. "आजून काय नाय?"

"नाही."

"मंग तिला एक लिवा," तो म्हणाला. "मी गेल्तो म्हनून लिवा. चार जिने चढून गेल्तो, पोहे घेऊन. बाकी काय नको. मी आल्तो, येवढा तिला कळला पायजे."

"लिहितो की," मास्तर म्हणाले.

त्याच दुपारी ते लिहायला बसले. 'काळुराम आला होता' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. आला होता, तर कधी? शनिवारी सातला. मग ती विचारणार, शनिवारी सातला कसा? शनवार कधी लागतो हे काळूला जन्मापासून ठाऊक, मग त्याला उलटं कुणी सांगितलं? तिकडे दूर देशात बसलेल्या, कधीही न भेटणाऱ्या एका बाईला आपली चूक कळेल, ह्याची मास्तरांना लाज वाटली. माणूस किती क्षुल्लक गोष्टीसाठी किती मोठं पाप करून बसतो ते बघावं. त्यांनी तो कागद फाडला आणि दुसऱ्यावर लिहिलं: "प्रदर्शनाच्या कामामुळे काळुरामला सवड मिळाली नाही. राग वगैरे काही नाही. आपली व यजमानांची प्रकृती जपावी." तिकीट चिकटवलं आणि स्वतः पोस्टात जाऊन पेटीत टाकलं. पत्राचा आवाज पेटीच्या तळाशी झाला तेव्हा त्यांना वाटलं, हात आत घालून परत काढावं. पुढच्या पत्रात सगळं खरं लिहू, असं त्यांनी ठरवलं.

पुढचं पत्र संक्रांतीला लिहायचं होतं. मग शिमग्याला. मधे दोन जण जर्मनीला गेले, एक कुटुंब लंडनला गेलं, त्यांची पत्रकं झाली. काळुराम रस्त्यात भेटे, हात जोडी. एकदा त्याने विचारलं, "तिचा काय उत्तर?" मास्तर म्हणाले, "येईल." त्यानंतर त्याने विचारलं नाही.

वैशाखात गिरजाबाईच्या भाचीचं लग्न रोह्याला होतं. आदल्या दिवशी, शुक्रवारीच, दोघं जाऊन राहिली. लग्नघरात गिरजाबाई रमली आणि मास्तर संध्याकाळचे फिरत फिरत सायमनच्या दारात गेले. जायचं असं ठरवलं नव्हतं, पाय नेत होते. सायमन म्हातारा झाला होता, घरात एकटा. त्याने ओळखलं, खुर्ची दिली.

"काळूला निरोप धाडला व्हता मी. भेटला ना त्यो तुमाला?" त्याने विचारलं.

"कसला निरोप?"

"शीरा गेली ना. शिमग्यानंतर. झोपंतच गेली."

वाईट झालं, असं काहीतरी मास्तर पुटपुटले.

"मनात एक ठेवून गेली," सायमन म्हणाला. "मला शेवटचा पत्र आला तिचा, त्यात व्हता. काळूला सवड नाय मिळाली म्हनं. सत्तावीस वर्सांनी मी बोलावते न् त्याला सवड नाय. म्हंजे राग गेला नाय त्याचा, सायमन. असा लिवलान. मी म्हनलो, जाऊ दे, आता मेलेल्याचा काय काडायचा. काळूला नाय बोललो मी हे." बोलता बोलता त्याने दाराबाहेर बघितलं. अंगणातला उजेड मावळत आला होता. तो उठला, डोक्यावर टोपी घातली, कपाटावरच्या दोन काचेच्या पेल्यांत तेल बघितलं आणि वाती लावल्या. बायको होती तोवर ती लावायची, तो म्हणाला, आता मीच लावतो. मग पेटलेल्या वातींपुढे क्षणभर हात धरून तो सहज म्हणाला, "शनवार लागला, मास्तर. बसा."

मास्तरांच्या मनगटावरच्या घड्याळात वाराची खिडकी होती. तिच्यात शुक्रवार होता. ते त्या अक्षरांकडे बघत राहिले. इथे येऊन विचारायला पेणहून एक एस.टी. लागत होती. काळुराम यायला तयार होता. त्याला मास्तरांनी येऊ दिलं नव्हतं.

लग्न लागलं, अक्षता पडल्या, जेवणं झाली. गिरजाबाईला लग्नघरी ठेवून मास्तर दुपारच्याच गाडीने पेणला परतले आणि स्टँडवरून घरी न जाता थेट कारखान्यात गेले.

हंगामाचे दिवस होते. ओळीने गणपती मांडलेले, रंगवून झालेले, पण सगळे बिनडोळ्यांचे. काळुराम पाटावर बसून आखणी करत होता. तो डोळा आखत असताना त्याच्याशी कुणी बोलत नसे, कारखान्याचा मालकही नाही. मास्तर उभे राहिले. एक डोळा पुरा झाला, काळुरामने ब्रश उचलला आणि वर बघितलं.

"मास्तर, तुमी? बसा. शीरा गेली, कळला ना?"

"काळुराम," मास्तर म्हणाले. बसले नाहीत. "मी चुकलो. तिने तुला शुक्रवारीच बोलावलं होतं. तू बरोबर सांगत होतास. पत्रात तिने लिहिलं होतं, मी तुला वाचून दाखवलं नाही. शुक्रवारी दिवे लावून ती तुझी वाट बघत होती."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी हे शब्द उच्चारले होते. त्यांना वाटलं होतं, आकाश कोसळेल. काळुरामने नुसती मान हलवली.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "त्या बाजूच्या म्हातारीनं सांगितलान. भाषा नाय कळली, पन तिनं हात असा मागं टाकलान, काल, काल असा. आनि मंग खिडकीकडं बोट केलान. मी तितंच जिन्यावर बसलो. मंग तुमी पत्र वाचताना अडलात, तवा तर कळलाच."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमाला वाईट वाटला असता. तुमी काय मुद्दाम नाय केलात. येवढा मोठा कागद लिवलात माझ्यासाटी, एक गोष्ट चुकली. मानूस हाय, चुकतो." त्याने ब्रश पुन्हा रंगात बुडवला, दुसऱ्या डोळ्यासाठी. "आनि एक बरा झाला, मास्तर. तुमी तिला लिवलात, मी गेल्तो म्हनून. ती गेली तवा तिला म्हायत व्हता, काळू आल्ता. उशिरा आला, पन आल्ता. मला तेवढा पुरं हाय. न्हायतर मला झोप लागली नसती."

मास्तरांना एक मान हलवायचाच अवकाश होता. शीरा नव्हती, सायमन काही बोलणार नव्हता, आणि समोरचा माणूस शांत झोपत होता. मान हलवणं हा त्याच्यावर उपकारच ठरला असता. पण रोह्याच्या त्या दोन वाती मास्तरांच्या डोळ्यांपुढून हलेनात.

"नाही लिहिलं," ते म्हणाले.

काळुरामचा हात मूर्तीजवळ जाऊन थांबला.

"काय लिवलात मंग?"

"सवड मिळाली नाही, असं लिहिलं. माझी चूक कळू नये म्हणून."

काळुरामने ब्रश पाण्याच्या भांड्यात ठेवला. मूर्तीचा एक डोळा उघडला होता, दुसऱ्याची जागा पांढरी होती. मागे भिंतीला, खुंटीवर, त्याची ती कापडी पिशवी टांगलेली होती. तो मास्तरांकडे न बघता, अगदी हळू बोलला.

"शुक्रवारी चारपास्नं मला सवडच व्हती, मास्तर."